मीठ पेरणारी विमानं

या देशात ढगाला पाहुण्यासारखं वागवतात. दुपारी एखादा ढग आला की लोक बाल्कनीत येऊन उभे राहतात, फोनवर फोटो काढतात, ऑफिसात एकमेकांना खिडकीशी बोलावतात. तो फार वेळ थांबत नाही. आलाच आहे तर काही देऊन जावा म्हणून त्याला भेटायला विमानं पाठवतात. ही विमानं अल ऐनच्या विमानतळावर, एका बाजूच्या हँगरमध्ये असतात. जुलैच्या सुरुवातीला मी तिथे जाऊन आलो. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी दुबईतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे आणि अल बर्शात राहतो. प्रवासाची आवड मला कधी नव्हती. ती माझ्या बायकोला, वैजयंतीला होती. आमच्या मराठी मंडळाचा युवा गट वैजू चालवायची. हा गट म्हणजे इथेच वाढलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं, मराठी सगळं समजणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. आमची मुलगी ऋता त्यातलीच. ती लहानपणापासून आभाळाकडे बघत चालते आणि ठेचकाळते. तिच्यासाठी वैजूने हे विमानांचं ठिकाण शोधून काढलं आणि मुलांना आत नेण्याची परवानगी मिळावी म्हणून वर्षभर पाठपुरावा केला. परवानगी मे महिन्यात आली. वैजू फेब्रुवारीत गेली.

मुलं घरी आली आणि म्हणाली, "काका, वैजूमावशीच्या सीटवर तुम्ही या."

मी हो म्हणालो, त्याचं कारण विमानं नव्हती. ते कारण आधी सांगायला हवं.

आमच्या घरी सुतकात अळणी जेवतात. तेराव्याला गोडाधोडाचा स्वयंपाक होतो आणि गेलेल्या बाईच्या माहेरचं कोणीतरी समोर बसून नवऱ्याला मीठ घातलेला पहिला घास भरवतं. आपण होऊन मीठ घ्यायचं नाही, दुसऱ्याने भरवायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. वैजू गेली तेव्हा ऋताची बारावीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून आम्ही दोघं इथेच राहिलो. दिवस नाशिकला माझ्या धाकट्या भावाने केले आणि तेरावं आम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलं. वैजूच्या मोठ्या वहिनीने वरणभाताचा घास उचलून फोनसमोर धरला. "दाजी, आता..." एवढं ती म्हणाली आणि चित्र थिजलं. हात पडद्यावर, घास बोटांत, तोंड अर्धं उघडं. असे कॉल इथे सारखे तुटतात. पुन्हा लागला तेव्हा तिकडे पंगत उठली होती.

तिकडच्यांना वाटलं, इथल्या कोणीतरी भरवलं असेल. इथल्यांना वाटलं, तिकडून काय ते झालं असेल. आमच्या खालच्या मजल्यावर पराडकर वहिनी राहतात. त्या संध्याकाळी त्या नेहमीसारखा अळणीच डबा घेऊन आल्या, कारण त्यांना कोणी वेगळं काही सांगितलं नव्हतं. मी तो खाल्ला. सुरुवातीचे काही दिवस मी नुसती वाट पाहिली, थोडी संकोचाने. 'मला आता मीठ भरवा' असं कोण कोणाला सांगणार? पुढे वाट पाहणं मागे पडलं आणि अळणी जेवण तेवढं राहिलं. मग त्यातच मला बरं वाटू लागलं. जेवताना तोंडात काही घडत नसे, आणि ते मला योग्य वाटे.

ऋता स्वयंपाक करू लागली ती तेव्हापासून. "तुझं वेगळं करते, माझं माझं बघते," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. आपलं ताट ती अभ्यासाच्या टेबलावर घेऊन जाई. मीठ घे म्हणून तिने मला दोन-तीनदा सांगून पाहिलं. मी 'बघू' म्हणालो.

जूनच्या शेवटी तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात हवामानशास्त्राला प्रवेश मिळाला. हो किंवा नाही हे रविवारपर्यंत कळवायचं होतं.

"मी नाही म्हणून कळवणार आहे," ती म्हणाली. "आय कान्ट लीव्ह यू लाइक धिस, बाबा. तू दिसेनासा होत चाललायस."

सहल शुक्रवार-शनिवारची होती. दोन दिवसांत तिचं मन वळवता येईल, असा विचार करून मी वैजूच्या सीटवर बसलो.

अल ऐनच्या वाटेवर

शुक्रवारची नमाज झाल्यावर आमची छोटी बस निघाली. पराडकर वहिनी पुढच्या सीटवर, पायाशी दोन मोठ्या पिशव्या. त्यांचा ओंकार मागे मुलांत.

"आई, टू डेज जातोय आपण, मायग्रेट नाही करत," तो ओरडला.

"तुला वाळवंटात भूक लागली की सांग हं मला," वहिनी मागे न बघता म्हणाल्या. "तेव्हा मी पण इंग्लिशमध्ये बोलीन."

बस शहराबाहेर पडली की आधी इमारती विरळ होतात, मग दिव्यांचे खांब उरतात, मग तेही बाजूला सरल्यासारखे वाटतात. वाळू आधी फिकी असते, भाजलेल्या रव्याच्या रंगाची. अल ऐनकडे जावं तसा तिला लाल रंग चढत जातो. हा बदल कुठे होतो ते शोधायचं मी ठरवलं आणि खिडकीला टेकून बघत राहिलो. पण तो कुठेच होत नाही. एका वळणावर बघावं तर सगळ्या टेकड्या तांबूस झालेल्या असतात आणि आपण केव्हापासून हे बघतोय ते आठवत नाही. कुंपणापलीकडे उंट एका ओळीत चालले होते. रस्त्यावरची हवा थरथरत होती, त्यामुळे त्यांचे पाय जमिनीला टेकलेले दिसत नव्हते.

वहिनींनी पहिला डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या. ओवा आणि हळदीचा वास पूर्ण बसभर पसरला.

"भाऊजी, पुरी घ्या." आणि लगेच जीभ चावली त्यांनी. "सॉरी सॉरी. ऋताने तुमचं वेगळं आणलंय ना."

ऋताने आणलं होतं. निळ्या झाकणाचा डबा माझा, पांढऱ्या झाकणाचा तिचा. मी दुधीची भाजी आणि पोळी खाल्ली. ऋताने तिचा डबा उघडला नाही. बसमध्ये मळमळतं म्हणाली. ओंकारने तिच्यापुढे वेफर्सचं पाकीट नाचवलं, तिने तेही परतवलं.

"डाएट," वहिनी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या. "सगळ्याच करतात हल्ली."

खजुरांची सावली

अल ऐन हे या देशातलं जमिनीलगतचं शहर. उंच इमारती नाहीत, चौकाचौकांत गोल बागा, आणि एका बाजूला जबल हफीत नावाचा उघडाबोडका डोंगर. शहराच्या मधोमध खजुरांचं जुनं बन आहे. भिंतींमधल्या अरुंद वाटेने आत शिरलं की उन्हाळा मागे राहतो. बाहेर गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता आणि इथे हिरवा, दमट अंधार होता. डोक्यावर खजुरांचे घोस लटकत होते, काही पिवळे, काही अर्धे तपकिरी होऊ लागलेले. खाली दगडी पाटातून पाणी वाहत होतं. या पाटाला फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली असलेलं पाणी उताराने इथवर आणलेलं असतं, आणि ते पाळीपाळीने एकेका बागेत सोडतात.

पाळीचं पाणी मला माहीत होतं. नाशिकजवळ वैजूच्या माहेरी द्राक्षाचा मळा होता. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिचे वडील पाण्याची पाळी आली म्हणून ताटावरून उठून गेले होते, आणि ती मला म्हणाली होती, "तुम्हाला राग आला का? पाणी थांबत नाही हो." हे आठवलं आणि मी पाटाच्या कडेला बसलो. पाणी अजिबात आवाज न करता जात होतं.

मुलांनी पाण्यात पाय सोडले. ओंकारची एक चप्पल सुटली आणि तरंगत निघाली. तो कडेकडेने पळाला, मुलं ओरडली, "यल्ला, यल्ला, पळ पळ," पण चप्पल एका भिंतीखालच्या भोकात शिरली आणि पलीकडच्या बागेत गेली. त्या बागेला कुलूप होतं.

"खलास," ओंकार म्हणाला. "इट्स इन अनदर कंट्री नाऊ."

"उद्या विमानं बघायला काय घालशील?" वहिनींनी विचारलं. एवढ्या मोठ्या पिशव्यांत चप्पल तेवढी नव्हती. शेवटी हॉटेलच्या पांढऱ्या सपाता घालून जायचं ठरलं.

हॉटेलात मुलांनी बिर्याणी मागवली. ऋताने खजूर आणि केळी खाल्ली. जेवणानंतर मी तिला म्हणालो, "मी ठीक आहे गं. तू हो म्हणून कळवून टाक."

"तू ठीक आहेस हे तू ठरवणार?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मला पण जायचंच आहे, बाबा. दॅट्स द वर्स्ट पार्ट."

हँगर

शनिवारी सकाळी मरियम नावाची एक तरुण अमिराती हवामानतज्ज्ञ आम्हाला न्यायला फाटकाशी आली. काळा पायघोळ अबाया, पायांत धावायचे बूट. तिने सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं आणि ओंकारच्या सपातांवर तिची नजर थांबली.

"हबीबी, तू स्पामधून आलास का?"

बंद बूट नसेल तर धावपट्टीजवळ जाता येत नाही. तिने कुठूनतरी दुरुस्ती विभागाचे जाड काळे बूट आणून दिले, ओंकारच्या पायांपेक्षा बरेच मोठे. दिवसभर तो चंद्रावर चालल्यासारखा चालला.

आधी आम्हाला एका खोलीत बसवून गहवा दिला. ही इथली कॉफी, फिकट सोनेरी, वेलची आणि केशर घातलेली, बिनसाखरेची. बिनकानाच्या लहानशा कपात तळाशी थोडीशी ओततात आणि सोबत खजूर देतात. एक वयस्कर गृहस्थ लांब चोचीची किटली घेऊन उभे होते. वहिनींनी कप संपवला, त्यांनी भरला. वहिनींनी नाही कसं म्हणायचं म्हणून तोही संपवला, त्यांनी पुन्हा भरला. असं चालू राहिलं.

"अगो बाई, हे थांबतच नाहीत," वहिनी माझ्या बाजूने पुटपुटल्या. "आज रात्री झोप विसरा."

ऋता हसली. बऱ्याच दिवसांनी. "मावशी, कप हलवायचा. जस्ट शेक इट. नाहीतर ते देतच राहणार."

वहिनींनी बोटांत धरलेला कप डावी-उजवीकडे हलवला. गृहस्थ मान लववून पुढे गेले.

मरियम बघत होती. "आमच्याकडे पाहुण्याला पुरे कोणी म्हणत नाही," ती म्हणाली. "ते पाहुण्यानेच सांगायचं."

"आमच्याकडे पानावर हात आडवा धरला तरी वाढतात," वहिनी म्हणाल्या. मी हे इंग्रजीत करून सांगितलं तेव्हा मरियमला ते फार आवडलं. माझ्या हातातला कप रिकामा होता. किटली माझ्याजवळ आली तेव्हा मी तो हलवून पाहिला. काय करायला लागतं? मनगट थोडं वळवायचं. ते माझ्याच हातात होतं, हे मला विचित्र वाटलं.

विमानं लहान होती, दोन पंख्यांची. पंखांच्या मागच्या कडेला पट्ट्या होत्या आणि त्यांत ओळीने खोचलेली नळकांडी, काडतुसांच्या पट्ट्यासारखी. त्या नळकांड्यांत मीठ असतं. ढगाच्या तळाशी जिथे गरम हवा वर चढत असते तिथे विमान जातं आणि नळकांडी पेटवतं. मिठाचा धूर त्या हवेबरोबर ढगात चढतो.

"म्हणजे तुम्ही ढग तयार करता?" एका मुलीने विचारलं.

"नाही. ढग नसेल तर आम्ही काहीच करू शकत नाही," मरियम म्हणाली. "जो आहे, पण ज्याचं पाणी उतरत नाहीये, त्याला थोडी मदत."

"आमच्या शाळेवर एक्झामच्या दिवशी करता येईल?" ओंकारने विचारलं.

"तुझ्याआधी माझ्या भावाने विचारलंय," मरियम म्हणाली.

तिने पुढे जे दाखवलं ते मी विसरणार नाही. नळकांड्यातलं मिश्रण हाताळायचं नसतं, म्हणून तिने एका बशीत साधं खायचं मीठ ठेवलं होतं. त्यातले चार-दोन कण काचेच्या पट्टीवर घेतले आणि पट्टी कॅमेऱ्याखाली ठेवली. भिंतीवरच्या पडद्यावर ते कण दिसू लागले. पेटीसारखे चौकोनी, धारदार कडांचे, आतून थोडे धुकट. मग तिने पट्टीभोवती दमट हवा सोडली. आधी काहीच झालं नाही. मग कडा मऊ दिसायला लागल्या. कोपरे गोल झाले. हवेत न दिसणारं पाणी कणाला चिकटत होतं आणि कण त्यात विरघळत होता. बघता बघता चौकोन नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी थेंब उभे राहिले. दोन थेंब शेजारी होते. ते फुगत गेले, एकमेकांना टेकले आणि एक झाले.

"पाण्याला धरायला काहीतरी लागतं," मरियम म्हणाली. "हवेत पाणी खूप असतं. पण नुसतं असून ते पडत नाही."

बशी मुलांमधून फिरली. प्रत्येकाने चिमूटभर मीठ तळहातावर घेतलं, आणि मुलंच ती, लगेच चाटून बघितलं. "व्हेरी रेन," ओंकार म्हणाला. ऋताने चिमूट घेतली पण तोंडाकडे नेली नाही. मूठ मिटून ती पडद्याकडे बघत राहिली. माझ्यावर रागावली आहे म्हणून, असं मला वाटलं. बशी माझ्याकडे आली तेव्हा मीही ती पुढे दिली.

वादळाचा डोळा

ढग यायला दुपार व्हायची होती, तोवर वैमानिक आमच्याशी बोलली. तिचं नाव एलेन. पांढरे होत आलेले केस मागे बांधलेले, हातावर उन्हाचे डाग. इथे येण्यापूर्वी अनेक वर्षं ती अमेरिकेत, समुद्रावरच्या मोठ्या चक्री वादळांत शिरणारी संशोधनाची विमानं चालवत होती. सगळे जिथून पळ काढतात तिथे हे लोक मोजमापं घ्यायला आत जातात.

"आत काय असतं?" ऋताने विचारलं.

"आधी भिंत," एलेन म्हणाली. "काचेवर पाणी आपटतं, दिवे हलतात, हातातला पेन छताला लागतो. आणि मग एकदम काही नाही. ऊन. वर निळं आभाळ, चारी बाजूंनी ढगांची पांढरी भिंत, एखाद्या प्रचंड विहिरीच्या तळाशी असावं तशी. कधी कधी तिथे पक्षी असतात. समुद्रपक्षी. ते डोळ्यात सापडतात आणि त्याच्याबरोबरच फिरत राहतात, कारण भिंतीतून त्यांना बाहेर पडता येत नाही."

"किती दिवस?"

"वादळ जमिनीवर येऊन मोडेपर्यंत."

खोलीत एसीचा आवाज होता. मला ते पक्षी दिसत होते. शांत उन्हात, पांढऱ्या विहिरीत, गोल गोल. त्यांना बरंही वाटत असेल, असं मनात आलं.

"आणि तुम्ही बाहेर कशा येता?" ऋताने विचारलं.

"आत गेलो तशाच. भिंतीतून. डोळ्यात थांबावंसं सगळ्यांना वाटतं, पण इंधन संपतं." एलेनने खांदे उडवले. "तुला हे शिकायचंय का? तुझे प्रश्न तसे आहेत."

ऋताने माझ्याकडे पाहिलं नाही. "आय हॅव ॲन ऑफर," ती म्हणाली. "अजून हो म्हटलेलं नाही."

"कोणाची वाट बघतेस?"

इतक्यात फोन वाजला. अबुधाबीत रडारवर बसलेल्या लोकांचा होता. पूर्वेच्या डोंगरांवर ढग उभा राहत होता.

आम्ही हँगरच्या सावलीत उभे राहिलो. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, उष्णतेत डळमळलं आणि जमीन सोडून निघालं. ते लहान होत गेलं. ओमानच्या बाजूला, डोंगरांच्या मागे, तो पाहुणा दिसत होता. तळ सपाट, करडा, आणि वरचा भाग फुलकोबीसारखा उसळणारा. मग आम्ही आत खोलीत आलो आणि मरियमने रेडिओचा आवाज मोठा केला. एलेनचा आवाज अगदी घरगुती होता, दूध उतू जातंय का बघणाऱ्या बाईसारखा. "बर्निंग टू, लेफ्ट." थोड्या वेळाने, "बर्निंग टू, राइट." रडारच्या पडद्यावर हिरवा डाग होता. त्याच्या मध्ये पिवळं आलं, म्हणजे ढगात पाऊस धरत होता. मुलं टेबलावर कोपरं टेकून बघत होती आणि वैजू असती तर ती त्यांच्यामध्ये कुठे उभी राहिली असती, हे मला नेमकं दिसत होतं. डावीकडे, ओंकारच्या खांद्यावर हात ठेवून. त्या जागेत कोणी उभं नव्हतं. मुलांनी ती मोकळी सोडली होती की तसंच झालं होतं, मला माहीत नाही.

विमान परत येईपर्यंत आम्हाला थांबता आलं नाही. निघताना मरियमने ओंकारला ते बूट ठेवून घे म्हटलं. "इन्शाल्ला, पाय वाढतील."

न पोहोचणारा पाऊस

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपाशी बस थांबवली. मुलं करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाच्या खिडकीकडे पळाली. वहिनी, ऋता आणि मी पंपामागच्या पत्र्याच्या सावलीत बाकावर बसलो. तिथून पूर्वेचे डोंगर आणि आमचा ढग दिसत होता. तो आता मोठा झाला होता, आणि त्याच्या तळातून राखाडी झालर लोंबत होती. पाऊस पडत होता. पण झालर डोंगरापर्यंत पोहोचत नव्हती. अर्ध्यावर फिकी होत होती आणि खाली कोरडी हवा होती.

"का गं, हे असं मध्येच का थांबलंय?" वहिनींनी विचारलं.

"खालची हवा पिऊन टाकते, मावशी. जमिनीपर्यंत येतच नाही."

ओंकार चहाचे कप घेऊन बूट आपटत आला. त्याने वर बघितलं. "बफरिंग होतंय," तो म्हणाला, आणि कप ठेवून परत गेला.

मी त्या झालरीकडे बघत होतो. मला वैजूच्या वहिनीचा हात दिसला, पडद्यावर थिजलेला, बोटांत घास धरलेला. ती काही मला तिथेच थांब म्हणाली नव्हती. ती 'आता' म्हणाली होती. बाकी मी ऐकलं नाही, एवढंच. आणि कोणीतरी येऊन ते वाक्य पुरं करील म्हणून मी बसून राहिलो, आणि माझ्यासमोर बसून एक मुलगी आपलं जाणं परत करायला निघाली होती.

"वहिनी," मी म्हणालो, "पुरी आहे का एखादी?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग ऋताकडे. डबा उघडून त्यांनी माझ्यापुढे धरला. भरवायला हात उचलला, पण धीर झाला नसावा. मीच पुरी उचलली, तुकडा मोडला आणि तोंडात घातला. कालची, मऊ पडलेली पुरी. मिठाने जिभेच्या दोन्ही कडा चटकल्या, जखमेवर लागावं तशा, आणि मग तोंडाला पाणी सुटलं. ओवा, तिखट, तेल, सगळं त्याच्यामागून आलं. मला डोळे मिटावे लागले.

डोळे उघडले तेव्हा ऋता माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिचा चेहरा भलताच कोरा झाला होता.

"झालं," मी म्हणालो. "आता उद्या कळवून टाक."

तिने पिशवीतून दोन्ही डबे काढले. निळं झाकण उघडलं, पांढरं झाकण उघडलं आणि बाकावर शेजारी ठेवले. दोन्हीत हॉटेलच्या स्वयंपाकघरातून सकाळी मागून घेतलेला पांढरा भात आणि उकडलेले बटाटे. मग ती म्हणाली, "चाखून बघ माझं."

मी तिच्या डब्यातला बटाटा तोंडात टाकला. अळणी होता.

"एकच कुकर लावते मी, बाबा. फेब्रुवारीपासून."

"पण तू म्हणाली होतीस, तुझं तू..."

"तुझ्यासाठी निदान कोणीतरी फोनसमोर घास धरला होता," ती म्हणाली. तिचं मराठी एरवी असं सलग येत नाही. "मला कोणी विचारलंच नाही. मी कॅमेऱ्यात नव्हते. मी तुझ्या बाजूला बसले होते."

वहिनींनी तोंडावर पदर घेतला आणि मान वळवली.

माझ्या हातात उरलेली पुरी होती. आमच्या रीतीप्रमाणे वैजूच्या माहेरचं माणूस हवं, आणि तसं तिथे कोणी नव्हतं. मी पुरीचा तुकडा मोडला. ऋता सतरा वर्षांची आहे. तिला शेवटचं कधी भरवलं ते मला आठवेना. मी हात पुढे केला आणि म्हणालो, "ऋता, आता घे."

तिने तोंड उघडलं. चावताना तिचे डोळे भरून आले आणि पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं, आणि ती चावत राहिली.

"खारट आहे," ती म्हणाली.

"खारट?" वहिनी एकदम वळल्या. नाक पुसलं, डब्यातून एक पुरी घेतली, अर्धी तोंडात घातली आणि काळजीपूर्वक चावली. "नाही गं. बरोबर तर आहे मीठ."

"हो," ऋता म्हणाली. "आणखी एक द्या."